ऑक्टोबरचा उकाडा पुण्यातून नेमका कधी ओसरतो, आणि तो ओसरत असल्याची खूण कोणती?

वडगावशेरीकर — १२ ऑक्टोबर, रात्री ११.२०

सर्वांना नमस्कार. पाऊस थांबून आठवडा झाला, आकाश निरभ्र आहे, कोजागरीही होऊन गेली, तरी वडगावशेरीतल्या आमच्या घरात रात्री अकरा वाजता भिंतीला हात लावला तर ती कोमट लागते. वडील ७६ वर्षांचे आहेत आणि त्यांना दम्याचा त्रास आहे. पंखा थेट अंगावर घेतला की त्यांना खोकला सुटतो आणि पंखा बंद केला की घामामुळे झोप लागत नाही. त्यामुळे रोज झोपण्यापूर्वी मोबाइलवर उद्याचे किमान तापमान पाहायचे आणि 'उद्या जरा कमी होईल' असे त्यांना सांगायचे, असा क्रम गेले आठ दिवस चालू आहे.

माझा गोंधळ असा आहे की आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. वर्तमानपत्रात पुण्याचे म्हणून एक किमान तापमान येते, मोबाइल दुसरेच दाखवतो, आणि पाषाणला राहणारी माझी बहीण सांगते की पहाटे तिला पातळ गोधडी घ्यावी लागते. एकाच शहरात इतका फरक असेल, तर मी कोणता आकडा खरा धरावा?

दुसरा प्रश्न शेतीचा आहे. शिरूर तालुक्यात आमची साडेतीन एकर जमीन आहे आणि ती थोरले बंधू पाहतात. चासकमान धरणाच्या कालव्याच्या आवर्तनावर (पाळीने सुटणाऱ्या पाण्यावर) यंदा एक एकर हरभरा आणि दीड एकर गहू करायचे ठरले आहे. परवा वाफसा (पेरणीजोगी ओल) आला. जमिनीत ओल आहे तोवर दोन्ही पेरून मोकळे व्हावे असे बंधूंचे म्हणणे आहे. मला मात्र एवढ्या उकाड्यात गहू पेरणे बरोबर वाटत नाही. त्यांचा अनुभव माझ्यापेक्षा मोठा आहे, म्हणून नुसते 'मला वाटते' एवढ्यावर त्यांना थांबवणे मला योग्य वाटत नाही.

जाणकारांनी कृपया सांगावे की गार हवा येऊ लागल्याची भरवशाची खूण कोणती, पुढच्या तीन-चार आठवड्यांचा अंदाज कितपत धरून चालता येतो, आणि मध्येच पुन्हा पाऊस येण्याची शक्यता किती मनात ठेवावी.

जुना निरीक्षक — १३ ऑक्टोबर, सकाळी ९.०५

माझी नोकरी हवामान निरीक्षणाची होती आणि तिच्यातली बरीच वर्षे पुण्यातच गेली, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आधी हा उकाडा कशाचा आहे ते पाहू. सूर्य पुण्याच्या बरोबर डोक्यावर येतो तो मेच्या मध्यात आणि पुन्हा जुलैअखेर. आता तो दक्षिणेकडे सरकला आहे आणि भर दुपारीसुद्धा क्षितिजापासून सुमारे ६४ अंशांवरच असतो. पुण्याचे ऑक्टोबरमधले सरासरी कमाल तापमान ३२ अंशांच्या आसपास असते, म्हणजे एप्रिल-मेपेक्षा पाच-सहा अंशांनी कमी. तरीही जीव कासावीस होतो, त्याला कारण हवेतली वाफ आणि पडलेला वारा. ऑगस्टमध्ये ढगांमुळे कमाल तापमान २८ च्या घरात असते. पाऊस सरला की ढगांचे ते छत्र एकदम निघून जाते, पण चार महिने भिजलेल्या जमिनीतून, ओढ्या-नाल्यांतून आणि हिरव्या रानातून बाष्प वर येतच राहते. मे महिन्यात पुण्याची दुपार कोरडी असते, घाम पटकन वाळतो आणि संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटून सुटका करतो. ऑक्टोबरात नैर्ऋत्येचा वारा थांबलेला असतो आणि पूर्वेचा अजून बसलेला नसतो. या मधल्या काळात हवा जागच्या जागी उभी राहते आणि घाम अंगावरच राहतो.

म्हणून माझी पहिली सूचना ही की कमाल तापमानाकडे पाहणे काही दिवस सोडून द्यावे. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पुण्याचे सरासरी कमाल तापमान जेमतेम तीन अंशांनी उतरते. किमान तापमान मात्र १९ च्या आसपासून थेट ११-१२ पर्यंत येते. आपल्याकडे ऋतू बदलतो तो रात्रीत. दुपारच्या उन्हावरून थंडीचा अंदाज बांधणारा माणूस नाताळपर्यंत निराशच राहील.

रात्री किती गारवा येणार हे ठरवणारी गोष्ट म्हणजे दवबिंदू. गार पाण्याचा तांब्या बाहेर ठेवला की त्याला घाम फुटतो. ज्या तापमानाला हवेतली वाफ अशी पाणी होऊ लागते तो त्या हवेचा दवबिंदू. सूर्य मावळल्यावर जमीन आपली उष्णता आकाशाकडे फेकू लागते आणि तिच्या लगतची हवा निवत जाते. पण हवेत वाफ भरपूर असेल तर ती वाफ त्या उष्णतेतला बराच भाग अडवून पुन्हा खाली पाठवते. शिवाय तापमान उतरत दवबिंदूपाशी आले की वाफेचे दव होताना तिच्यातली सुप्त उष्णता बाहेर पडते आणि तापमानाची घसरण मंदावते. दवबिंदू २० असेल तर निरभ्र रात्रीही पारा १९-२० च्या फार खाली जात नाही, आणि तोच दवबिंदू १२ वर आला की त्याच रात्री पारा सहज चौदाला भिडतो. मोबाइलवरच्या बऱ्याच हवामान ॲपमध्ये दवबिंदूही दिलेला असतो. संध्याकाळी सहाच्या सुमाराचा त्याचा आकडा रोज टिपून ठेवा. तो सलग चार-पाच दिवस उतरत गेला, तर वडिलांना दिलेला शब्द खरा होईल.

आता ही गार हवा येते कुठून, याविषयी. आपल्याकडे सर्रास म्हटले जाते की हिमालयात बर्फ पडला की पुण्यात थंडी येते. हे अर्धेच खरे आहे. सुरुवातीचा गारवा, ज्याला आपण गुलाबी थंडी म्हणतो, तो बहुतांशी इथल्याच जमिनीवर तयार होतो. कोरडी हवा, निरभ्र आकाश, शांत वारा आणि लांबत जाणारी रात्र एवढे त्याला पुरते. आज रात्र बारा तासांहून थोडी मोठी आहे, डिसेंबरअखेर ती तेरा तासांची होईल. उत्तरेकडून येणारी थंडी हा त्यानंतरचा टप्पा आहे आणि ती लाटांनी येते. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे ढग-पाऊस आणणाऱ्या हवेच्या प्रणाली, काश्मीर-हिमाचलवरून पुढे सरकले की त्यांच्या पाठीमागून कोरडे, थंड वारे राजस्थान, मध्य प्रदेश, खानदेश असे उतरत येतात. आधी जळगाव-धुळे गारठते, मग निफाडच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा वर्तमानपत्रांत झळकतो, आणि साधारण एक-दोन दिवसांत त्याचा अंश पुण्याला पोहोचतो. विक्षोभ येत असताना मात्र उलटे घडते. त्याच्या पुढच्या बाजूला दक्षिणेचे दमट वारे आणि ढग असतात, त्यामुळे रात्री उबदार होतात. थंडी पडता पडता दोन दिवस नाहीशी झाली म्हणून लोक घाबरतात, पण पुष्कळदा ती पुढच्या लाटेची पूर्वसूचना असते.

या सगळ्यात कळीची जागा असते ती उच्च दाबाच्या क्षेत्राची. ते गुजरात-राजस्थानवर बसले तर आपल्याकडे ईशान्येची कोरडी हवा येते. तेच ओडिशाच्या किनाऱ्याकडे सरकले तर त्याच्याभोवती फिरणारा वारा बंगालच्या उपसागरावरचे बाष्प आग्नेयेकडून महाराष्ट्रात आणतो आणि नोव्हेंबरातही उकाडा परत येतो.

मोसमी पाऊस परतल्याची घोषणाही निव्वळ तारखेवर होत नाही, हेही सांगून ठेवतो. वायव्य भारतातून माघार जाहीर करण्यासाठी सलग पाच दिवस पाऊस नसणे, खालच्या थरांत प्रतिचक्रवाती (उच्च दाबाभोवती फिरणारे) वारे बसणे आणि हवेतले बाष्प लक्षणीय कमी होणे, या तिन्ही गोष्टी पाहिल्या जातात. २०२० मध्ये सुधारलेल्या वेळापत्रकानुसार माघारीची सुरुवात १७ सप्टेंबरला होते, मुंबईतून ८ ऑक्टोबरला पाऊस परततो आणि संपूर्ण देशातून १५ ऑक्टोबरपर्यंत. घोषणा झाली त्या दिवशी हवा कोरडी होऊ लागलेली असते, कोरडी झालेली नसते. तिथून पुढचे दोन-तीन आठवडे म्हणजेच आपला ऑक्टोबरचा उकाडा.

आकड्यांबद्दल दुपारी लिहितो.

पाषाणच्या टेकडीखाली — १३ ऑक्टोबर, सकाळी ११.४०

निरीक्षक काकांनी लिहिण्याआधी मी माझ्या परिसराबद्दल सांगते, कारण प्रश्नकर्त्यांच्या भगिनी माझ्याच भागात राहतात आणि त्यांचे म्हणणे अगदी बरोबर आहे.

मी शाळेत भूगोल शिकवते आणि मुलांना दाखवण्यासाठी काही वर्षे गच्चीवर आणि खाली अंगणात असे दोन तापमापक लावले आहेत. पावसाळ्यात दोन्हींत फरक जवळजवळ नसतो. पाऊस सरून आकाश मोकळे झाले की पहाटे अंगणातला तापमापक गच्चीवरच्यापेक्षा स्पष्ट खाली दिसू लागतो, आणि ज्या आठवड्यात हा फरक रोज दिसू लागतो त्याच आठवड्यापासून आमच्याकडे गोधड्या बाहेर निघतात. कारण साधे आहे. थंड हवा जड असते आणि वारा नसला की ती टेकड्यांच्या उतारावरून पाण्यासारखी खाली ओघळत येते. पाषाणचा भाग टेकड्यांच्या कुशीत आहे, तलाव आहे, बरीच झाडी आणि मोकळी जमीन अजून शिल्लक आहे. ती सगळी हवा इथे येऊन साचते. पहाटे साडेपाचला तलावाकडे चालत गेले की एका वळणावर अंगाला एकदम गार झुळूक लागते आणि थोडे वर चढले की ती नाहीशी होते. एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) बाजूलाही हेच अनुभवाला येते.

वडगावशेरी, मगरपट्टा, कोरेगाव पार्क या बाजूला हे होत नाही. तिथे काँक्रीट आणि डांबर दिवसभर ऊन पिऊन ठेवतात आणि रात्रभर ती ऊब सोडत राहतात. उंच इमारती दाटीने उभ्या असल्या की रस्त्यावरून आकाशाचा अरुंद पट्टाच दिसतो. जमिनीला उष्णता फेकायला मोकळे आकाशच उरत नाही. त्यामुळे हिवाळ्यात सर्वांत गार ठिकाणापासून सुरू होणारी किमान तापमानांची यादी येते तेव्हा हवेली, एनडीए, पाषाण वर असतात आणि लोहगाव, मगरपट्टा, वडगावशेरी तळाशी. हा फरक कित्येकदा चार-पाच अंशांचा असतो. आपल्या वडिलांना शक्य असेल तर या दोन आठवड्यांसाठी बहिणीकडे राहायला पाठवावे असे मनापासून सुचवावेसे वाटते. त्यात गैरसोय असेल तर निदान झोपायची खोली पश्चिमेच्या भिंतीची नसावी, कारण दुपारनंतरचे सगळे ऊन तीच भिंत घेते.

जुना निरीक्षक — १३ ऑक्टोबर, दुपारी ३.३०

बाईंनी माझे निम्मे काम केले आहे. दोन तापमापकांचा त्यांचा प्रयोग प्रत्येक शाळेत व्हावा असा आहे.

वर्तमानपत्रात 'पुणे' म्हणून येणारा आकडा शिवाजीनगरच्या वेधशाळेचा असतो. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यात आले आणि १९४४ मध्ये दिल्लीला गेले, पण वेधशाळेजवळच्या चौकाचे शिमला ऑफिस हे नाव आजही बसच्या पाटीवर टिकून आहे. पुण्याचा १७ जानेवारी १९३५ चा १.७ अंशांचा नीचांक दर हिवाळ्यात बातम्यांत येतो. 'सरासरीपेक्षा दोन अंशांनी जास्त' अशा विधानांना अर्थ येतो तो अशा दीर्घ नोंदींमुळेच. तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, सावलीत आणि खेळत्या हवेत ठेवलेला असतो. किमान तापमान सकाळी साडेआठला आणि कमाल तापमान संध्याकाळी साडेपाचला वाचले जाते.

मोबाइलवरचा आकडा बहुतेक वेळा मोजलेला नसतो. संगणकी प्रारूपाने काही किलोमीटरच्या चौकोनासाठी काढलेले ते अनुमान असते, आणि त्या चौकोनात आपली गल्ली, टेकडी आणि नदी सगळे एकत्र मिसळलेले असते. म्हणून आपल्या प्रश्नाचे उत्तर असे की तिन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. घराच्या निर्णयासाठी वडगावशेरीचा आकडा पाहा, कारण तो आपल्याला सर्वांत जवळचा आहे, आणि ऋतूचा कल समजून घेण्यासाठी शिवाजीनगरचा. आकड्यापेक्षाही तो सरासरीपासून किती दूर आहे ते वाचायला शिकावे. दीड अंशापर्यंतचा फरक हवामान खाते सामान्यच मानते. 'थंडीची लाट' हा शब्द आपल्याकडे फार सैल वापरला जातो. मैदानी भागात किमान तापमान १० किंवा त्याखाली आणि शिवाय सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी असेल, किंवा पारा थेट ४ किंवा त्याखाली गेला असेल, तरच तो शब्द लागू होतो. नोव्हेंबरातल्या पुण्याच्या बाराला लाट म्हणणे बरोबर नाही.

बागायतदार, जुन्नर — १३ ऑक्टोबर, रात्री ९.१५

पेरणीचा आणि पावसाचा प्रश्न वाचला म्हणून लिहितो. माझी द्राक्षबाग नारायणगावजवळ आहे आणि आमची फळछाटणी याच दिवसांत चालते, त्यामुळे या सहा-सात आठवड्यांतला प्रत्येक ढग आम्ही मोजत असतो. छाटणीनंतर कोवळी फूट असताना एक पाऊस झाला किंवा पाने सकाळी उशिरापर्यंत ओली राहिली तरी डाऊनी हा बुरशीचा रोग येतो, आणि घड न वाढता जिरून जाण्याची धास्ती वेगळी.

मोसमी पाऊस परतला म्हणजे पाऊस संपला असे गृहीत धरू नका. ऑक्टोबर ते डिसेंबर हा दोन्ही समुद्रांतल्या वादळांचा मोसम आहे. २०२० साली आंध्रच्या किनाऱ्यावर काकीनाड्याजवळ १३ ऑक्टोबरला जमिनीवर आलेली कमी दाबाची प्रणाली तेलंगण ओलांडून इकडे सरकली आणि १४ तारखेला सोलापूर, इंदापूर, बारामती आणि पुण्यात हाहाकार झाला. २००९ साली फयान वादळ ११ नोव्हेंबरला अलिबागच्या बाजूने किनाऱ्यावर चढले. आणि २०२१ चा डिसेंबर तर मी विसरूच शकत नाही. महिन्याच्या पहिल्या दोन दिवसांत पावसाबरोबर असा गारठा आला की जुन्नर, आंबेगाव आणि तुमच्या शिरूर तालुक्यात मेंढपाळांच्या वाड्यांवरच्या (रानातल्या तळांवरच्या) मेंढ्या रात्रीत गारठून दगावल्या. उघड्या माळावर भिजलेल्या जनावराला वारा लागला की तापमापकावरचा आकडा काहीही असो, ते जनावर वाचत नाही. त्या मेंढपाळांची तोंडे आठवली की अजून पोटात तुटते. अंदाज वेळेवर आणि त्यांच्या भाषेत त्यांच्यापर्यंत पोहोचला असता तर निदान काही कळप आडोशाला नेता आले असते. म्हणून माझी प्रत्येकाला विनंती आहे की तुमच्या रानात वाडा उतरला असेल तर पावसाचा इशारा आल्यावर तिथे जाऊन तोंडी सांगा.

आता पेरणीचे. तुमचे बंधू हरभऱ्याबाबत बरोबर आहेत आणि तुम्ही गव्हाबाबत. बागायती हरभऱ्याला ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा हा काळ योग्य असतो, त्यामुळे आणखी आठ-दहा दिवस थांबून तो पेरायला हरकत नाही. गरम आणि ओल्या जमिनीत घाई केली तर रोपे वाळवणारा मर रोग वाढतो, म्हणून ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीची बीजप्रक्रिया केल्याशिवाय बी मातीत टाकू नका. ओल उडेल ही भीती असेल तर कुळवाची एक पाळी द्या, वरची माती मोकळी होऊन खालची ओल धरून राहते.

गव्हाचे तसे नाही. गव्हाला फुटवे फुटायला रात्रीचा गारवा लागतो. उकाड्यात पेरलेला गहू भराभर वाढलेला दिसतो, पण फुटवे कमी येतात, ओंबी लवकर बाहेर पडते आणि लहान राहते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस बागायती वेळेवरच्या पेरणीसाठी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्याची आहे आणि ती याच कारणासाठी आहे. आवर्तनाची तारीख पुढे गेलीच, तर फुले समाधानसारखा वाण निवडावा, तो वेळेवर आणि उशिरा अशा दोन्ही पेरण्यांना चालतो. बंधूंना असे सांगा की आज जमिनीत असलेली ओल हरभऱ्याची आहे, गव्हाची ओल कालवा देणार आहे.

आमच्याकडची जुनी माणसे नक्षत्रे मोजतात. हस्त संपून परवा चित्रा लागले, २४ तारखेच्या सुमारास स्वाती लागेल. हस्ताचा पाऊस रब्बीला हवाच असतो, स्वातीतला पाऊस ज्वारीवाल्याला गोड लागतो आणि द्राक्षवाल्याला रडवतो.

वडगावशेरीकर — १४ ऑक्टोबर, सकाळी ७.५०

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले, त्याबद्दल ऋणी आहे. जुन्नरच्या दादांचे शेवटचे वाक्य मी बंधूंना फोनवर वाचून दाखवले आणि ते थोडा वेळ गप्प राहून 'बरं, गहू थांबवू' एवढेच म्हणाले.

निरीक्षक काकांना आणखी एक विचारतो. तीन-चार आठवड्यांच्या अंदाजावर पेरणीसारखा निर्णय सोपवता येतो का? आणि पहाटे हवा गार होऊ लागली की वडील फिरायला जाण्याचा आग्रह धरतात. दम्याच्या माणसाने त्या वेळी बाहेर पडणे कितपत योग्य आहे?

जुना निरीक्षक — १४ ऑक्टोबर, सायंकाळी ६.१०

हवामान खाते दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज देते. तो वाचण्याची एक रीत आहे. पहिल्या आठवड्यावर बराच विश्वास ठेवावा, दुसऱ्यावर बेताचा, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नुसता कल पाहावा. तिसऱ्या आठवड्याच्या नकाशात 'तापमान सरासरीपेक्षा जास्त' असे दिसले, तर त्यावरून कोणत्या दिवशी किती अंश हे ठरत नाही. त्या आठवड्यातल्या बहुतेक रात्री उबदार जाण्याकडे पारडे झुकले आहे एवढेच कळते. दर गुरुवारी नवा अंदाज येतो तेव्हा आधीचा सोडून द्यावा. समजा दोन गुरुवार लागोपाठ एकच कल दिसला, तर त्याला वजन द्यावे. पेरणीसाठी एवढे पुरेसे आहे, कारण गव्हाला एखादी विशिष्ट रात्र नव्हे, तर पेरणीनंतरचे तीन-चार आठवडे गार हवे असतात.

पुण्याचा नेहमीचा क्रम विचाराल तर असा असतो. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात दुपार तशीच तापते, पण पहाटे चार ते सहा एवढाच वेळ गारवा जाणवू लागतो. महिनाअखेर हा गारवा रात्री अकरापर्यंत मागे सरकतो. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत संध्याकाळी सातलाच बाहेर बसवत नाही. गारव्याचे तास असे दोन्ही बाजूंनी वाढत जातात, आणि मी आकड्यापेक्षा या तासांकडे अधिक पाहतो. हा क्रम दक्षिणेकडच्या एखाद्या वादळाने मोडतो. २०२४ मध्ये नोव्हेंबरअखेर पुण्यात चांगली थंडी पडली असताना ३० तारखेला फेंगल पुदुच्चेरीजवळ किनाऱ्याला लागले. इतक्या दूरच्या त्या वादळाने आणलेल्या ढगांनी आणि बाष्पाने आपली थंडी काही दिवस पार पळवून लावली. त्यामुळे बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र झाल्याची बातमी आली की किमान तापमानाच्या अपेक्षा चार-पाच दिवस बाजूला ठेवाव्यात.

आता वडिलांचे. ज्या रात्री गारवा चांगला पडतो, त्याच पहाटे हवा सर्वांत वाईट असते, हे त्यांना समजावून सांगावे. जमिनीलगतची हवा थंड आणि वरची तिच्यापेक्षा उबदार असा उलटा थर तयार होतो, आणि तो झाकणासारखा बसतो. जाळलेल्या पालापाचोळ्याचा, वाहनांचा आणि दिवाळीत फटाक्यांचा धूर त्या झाकणाखालीच अडकतो. हिवाळ्यातल्या सकाळी सिंहगडावरून पुण्याकडे पाहिले तर शहरावर पसरलेला करडा-तपकिरी थर डोळ्यांना स्पष्ट दिसतो. ऊन वर आले की जमीन तापते, हवा वर-खाली ढवळली जाते आणि तो थर फुटतो. त्यामुळे फिरण्याची वेळ पहाटे साडेपाचची न ठेवता सकाळी नऊनंतरची किंवा संध्याकाळी पाचची ठेवावी. पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या 'सफर' प्रणालीवर शहरातल्या हवेची पातळी पाहता येते. औषधाचे मात्र त्यांच्या डॉक्टरांनाच विचारावे, आणि ते थंडी पडण्याआधी विचारावे.

वडगावशेरीकर — २ नोव्हेंबर, सकाळी ८.१५

सांगितल्याप्रमाणे रोज संध्याकाळी सहाचा दवबिंदू वहीत लिहीत गेलो. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तो १९ ते २१ मध्येच फिरत होता आणि पाडव्यानंतर दोन दिवस तर ढग येऊन पुन्हा वाढला. त्यानंतर वारा पूर्वेकडून सुटला आणि गेल्या सहा दिवसांत दवबिंदू २० वरून १५ वर आला. परवा पहाटे दुचाकीच्या सीटवर प्रथमच दव दिसले. काल रात्री वडिलांनी स्वतःहून पंखा बंद करायला सांगितला आणि चादर मागितली.

हरभरा २३ तारखेला बीजप्रक्रिया करून पेरला, उगवण चांगली आहे. आवर्तन ६ नोव्हेंबरपासून सुटणार असल्याचे बंधूंना कळले आहे. रान ओलवून वाफसा आला की गहू पेरायचा असे ठरले. आमच्या शेजारच्या माळावर एक वाडा उतरला आहे. बंधू काल तिथे जाऊन आले आणि पावसाचा इशारा आला तर मेंढ्या आमच्या गोठ्याच्या आडोशाला आणा, असे सांगून आले आहेत.